दोरीवरची पाच पॅड्स

कोरगाव, पेडणे
७ ऑक्टोबर २०१२

ती. मंजुळावहिनींस शालिनीचा नमस्कार. तुमचे गुडघे आणि दादाचा खोकला आहेत तिथेच असतील असे धरून चालते. सुधारले असतील तर अवश्य कळवा, कुठून तरी बरी बातमी यायला हवी. मी ठीक आहे. हे वाक्य गेल्या आठवड्यात मी गावात इतक्या जणांना सांगितले, की आता माझाच त्यावर विश्वास उरलेला नाही.

तुम्ही सावंतवाडीहून शिवून पाठवलेली कापडी पॅड्स मिळाली. त्यांतली सहा आमच्या सुनेला दिली (दिली म्हणजे वर्षाच्या पलंगावर ठेवून मी बाहेर आले). पहिल्याच महिन्यात पोर पाय फाकून चालू लागली आणि पावडरचा डबा आठवड्यात संपला. कारण शोधायला डॉक्टर लागला नाही. ती पॅड्स कपाटामागे दोरी बांधून, वर परकर पसरून वाळवते. वाळवते कसली, कुबट करते, आणि तशीच ओलसर वापरते. पुरळ उठणार नाही तर काय? केरीच्या शाळेत तिची नोकरी हंगामी. या दुखण्यापायी दोनदा रजा झाली. तिसऱ्यांदा झाली तर दुसरी बाई नेमू, असे त्यांनी कळवले आहे.

सरळ सांगायचे ना, असे तुम्ही म्हणाल. छत्तीस वर्षे मी वर्ग गप्प बसवले, पण या विषयावर सुनेसमोर उभी राहिले की भाताला पाणी किती घातलेस एवढेच तोंडातून निघते. म्हणून महिला मंडळात व्याख्यान ठेवले. निमित्त सगळ्यांचे, नेम एकीवर. आधी गार पाण्यात भिजवा, साबणाने चोळा, साबण पुरता निघेपर्यंत खळबळा, कडक उन्हात उघड्यावर वाळवा, चार-सहा तासांनी बदला, जरा ओलसर वाटले तर वापरू नका. पुरुष बघतील त्याचे काय, असे रेश्माने विचारले. मी म्हटले, कुठे बघायचे ते त्यांनी ठरवावे. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी गावभर फिरून आले, एकीच्याही दोरीवर काही नाही. वर्षा तर पहिल्या रांगेत बसून मान हलवत होती. तिची दोरी कपाटामागेच.

मग मीच उदाहरण घालून द्यायचे ठरवले. उरलेली पाच कोरी पॅड्स धुतली आणि अंगणात रस्त्याच्या बाजूला वाळत घातली. माझे वय चौसष्ट आहे हे गाव विसरेल असे वाटले नव्हते. गाव विसरले नाही, तीच पंचाईत झाली. शेजारचे बाबली गडग्यापलीकडून हळूच डॉक्टरचे विचारू लागले, "बाई, दोतोराक दाखयलें मगो?" दुपारी दोन घरांतून पेज आली. संध्याकाळी देवळातून निरोप आला, की हार ओवायला चार दिवस येऊ नये (यातून मी चौदा वर्षांपूर्वी सुटले होते, वहिनी). पाठोपाठ बोटीवरून दीपकचा फोन, आई, माझ्यापासून का लपवलेस. आणि वर्षाने कळवळून पाचही पॅड्स काढून आणली, मला आल्याचा चहा दिला, म्हणाली, "आई, तुम्ही पडून राहा. वाळवायचं मी बघते." आणि नेऊन कपाटामागे टांगली.

मी हात टेकले. दादाला नमस्कार सांगा, बाकीचे सांगू नका.

तुमची,
शालिनी

ता. क. पत्राचे खरे काम हे, की वर्षाला तुम्ही निराळे पत्र घाला. आपणहून सुचले असे लिहा. ऊन, साबण, आणि आठवड्यात पुरळ गेली नाही तर म्हापशाला डॉक्टरीणबाई. माझे नाव कुठेही येता कामा नये.

आणखी ता. क. मामी, वर्षाचा नमस्कार. पाकीट चिकटवायला आईंनी माझ्याकडे दिलं आणि मी वाचलं. चुकलं. आज रविवार, ऊन चांगलं आहे; अकराही पॅड्स पुढच्या दोरीवर घातली आहेत. आई दोनदा बाहेर येऊन बघून गेल्या. मी वाचल्याचं त्यांना कळवू नका. पण तुमचं पत्र मात्र पाठवाच, नाहीतर त्यांना संशय येईल.