ह्यांच्या गोळ्या

दि. ९ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. नव्या शाळेत तुझा जीव रमला हे वाचून बरं वाटलं. इकडे सगळं ठीक. फोनवर आपण बोलतोच, पण मी फोन कानाला लावला की हे शेजारी येऊन बसतात. ह्यांच्याविषयी ह्यांच्यासमोर काय बोलणार? म्हणून कागद घेतला.

तुझ्या सासऱ्यांचं दुखणं तुला अर्धवटच कळलंय. भट्टीतून पावाचे ट्रे ओढता ओढता ते एकदम खुर्चीवर बसले. म्हणाले, छातीत कोणीतरी पळतंय. आपल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं तर रक्तदाब भलताच वर, आणि नाडी नुसती धावत होती. दोन गोळ्या दिल्या. एक दाबाची, एक नाडीला लगाम घालायची. शिवाय मीठ कमी, सिगारेट बंद, रोज चालणं आणि पुरेशी झोप. बेकरीवाल्याला झोप सांगणं म्हणजे कोंबड्याला उशिरा आरव म्हणण्यासारखं. तरी पहाटेचं पीठ मळायचं काम आता कारागिरावर सोपवलंय.

मिठावरून मात्र रामायण झालं. पहिल्या दिवशी सूपचा घोट घेऊन मला विचारलं, यात भांडी धुतलीस का. मग मी लिंबू पिळून मिरी वाढवली, तर आता निमूट पितात. कमी मिठाचा पावही भाजायला घेतलाय. त्याचं नाव ठेवलंय 'आजारी पाव'. गंमत म्हणजे तो खपतो. शेजारचे शिंपीकाका रोज नेतात, आणि नेताना आपण आजारी नाही हे रोज सांगतात.

दाब मोजायचं यंत्र आणलंय. ते काउंटरखाली असतं आणि ज्याला त्याला दंड पुढे करायची हौस. कारागिराने लावलं, शिंपीकाकांनी लावलं. मीही एकदा लावून बघितलं. यंत्र काही फार भारीतलं नाही, कधी कधी काहीही आकडे दाखवतं. मी मनावर घेतलं नाही.

काळजी एकच. ह्यांचा आकडा स्थिर राहत नाही. चार दिवस बरा, की पुन्हा वर. त्यात गोळ्यांची पाकिटं वेळेआधी संपतात. औषधवाल्याशी ह्यांचं त्यावरून वाजलंसुद्धा. पडत असतील हातून, दुसरं काय. वय झालं.

माझं विचारतेस, तर मला काय धाड भरलीय? जिना चढताना हल्ली धाप लागते, पण ते पीठ. लहानपणच्या दम्यामुळे मी मळायच्या खोलीत पाय ठेवत नाही हे तुला ठाऊक आहे, पण पीठ दार लावलं म्हणून थोडंच थांबतं? तेव्हा उगीच माझ्या मागे लागू नकोस. तुझ्या नवऱ्यालाही काही बोलू नकोस. तो राईचा पर्वत करतो.

जपून राहा, वेळेवर जेव.

तुझी,
सासूबाई

*

दि. २३ फेब्रुवारी

सूनबाई,

आशीर्वाद. मला पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घे. काल फोनवर मी म्हणालो की ती झोपली आहे. ते खरं होतं. पण ती हॉस्पिटलात झोपली होती, ते सांगायला जीभ रेटली नाही. आता धोका टळलाय, हे आधी वाच आणि मगच पुढचं वाच.

परवा दुपारी ती जिन्यात मधेच बसली. मला वाटलं दमली. जवळ गेलो तर छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि ओठ निळसर पडले होते. 'अहो' म्हणायलाही तिला श्वास पुरेना. कारागिराने आणि मी तिला खुर्चीसकट उचलून खाली आणलं आणि पावाच्या गाडीत घातलं. हॉस्पिटलात वाफ दिली, सुया दिल्या. बऱ्याच वेळाने श्वास सरळ झाला. इकडे भट्टीतला सगळा माल जळून कोळसा झाला. मला त्याची आठवणही झाली नाही.

आम्ही पिठाला दोष देत बसलो होतो. पीठ नव्हतं. काय होतं ते तिने माझ्यादेखत डॉक्टरांना सांगितलं. ते मी लिहीत नाही, तीच लिहील. तू तिच्यावर रागावू नकोस. मीही रागावलो नाही. म्हणजे रागावलो, पण बाहेर व्हरांड्यात जाऊन.

तुम्ही दोघांनी जीव घाबरा करून घेऊ नका. ती आता मला केस विंचरा म्हणून सांगते आहे, म्हणजे बरी आहे.

तुझा सासरा

*

दि. ६ मार्च

चि. सूनबाईस,

आशीर्वाद. घरी येऊन आठवडा झाला. उशांना टेकून लिहिते आहे. ह्यांनी तुला पत्र लिहिलं म्हणे. लग्न झाल्यापासून ह्यांनी मला एक ओळ कधी लिहिली नाही, तेव्हा तू भाग्यवान.

काल फोनवर तू विचारलंस, "आई, नक्की झालं काय होतं?" आणि मी तुमच्याकडची हवा कशी आहे ते विचारत बसले. आता विषय टाळत नाही. मी ह्यांच्या गोळ्या खात होते.

त्या यंत्राने माझा आकडा ह्यांच्यापेक्षा वर दाखवला होता. नाडीही पळत होती. यंत्र बिघडलं असेल म्हणून मी ते पुन्हा लावलं, आणि मग रोजच, हे फिरायला गेले की. यंत्र बिघडलेलं नव्हतं.

माझ्या आईचं तुला कधी सांगितलं नाही. तिचाही दाब असाच होता. एका सकाळी तिचं अर्धं अंग गेलं, वाचाही गेली. पुढे ती गेली तोवर मी तिला चमच्याने भरवत होते आणि ती नुसती माझ्याकडे बघायची. मला वाटलं, डॉक्टरीणबाईंच्या तोंडून ते नाव निघालं की तेच माझ्या कपाळी लिहिलं जाणार. त्यांनी नाव घेईपर्यंत आजार नाही. आणि घरात एक आजारी पुरे होता. दुखणं तेच, मग गोळीही तीच, असं मी ठरवून टाकलं. शिळा पाव आपण खायचा, मग औषध तरी दुसऱ्याच्या वाटचं का नाही? अशी माझी अक्कल.

हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं की काही औषधं चालू आहेत का. मी मान हलवून नाही म्हटलं. हे म्हणाले, कसली औषधं, दगडासारखी आहे ती. डॉक्टर गेले, थोड्या वेळाने परत आले. म्हणाले, दम्यावरचं सगळं देतोय, पण हवा तसा उतार पडत नाही, काहीतरी आडवं येतंय. घरात दुसऱ्या कुणाला औषध चालू आहे का? ह्यांनी खिशातून आपलं पाकीट काढून दिलं. डॉक्टरांनी ते उलटंपालटं केलं, आणि ह्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

मी तोंडावरचा वाफेचा मास्क बाजूला केला. "मीही घेते," म्हटलं, "ह्यांच्यातलीच."

डॉक्टर ओरडले नाहीत, ते जास्त लागलं. नाडी हळू करणारी ती गोळी ह्यांना चांगली, पण ज्याला कधी दमा झालाय त्याच्या श्वासाच्या नळ्या ती आवळू शकते, असं त्यांनी समजावलं. म्हणाले, औषध वाईट नाही, ते तुमचं नव्हतं.

ते गेल्यावर ह्यांनी पाकिटात उरलेल्या गोळ्या मोजल्या. मला वाटलं आता खरपूस ऐकावं लागणार. आणि हे म्हणाले, "म्हणजे मला विसर पडत नव्हता तर."

मला काही उमगेना. मग हळूहळू बाहेर आलं. गोळ्या कमी पडताना बघून ह्यांना वाटलं, आपण घेतलेली विसरतो आणि पुन्हा घेतो. आपलं डोकं चालेनासं झालंय. लाजेपायी कुणाला बोलले नाहीत. औषधवाल्याशी भांडले तेही त्या भीतीपोटीच. आणि दोनदा पोटात जायला नको म्हणून मधूनमधून गोळी टाळायला लागले. आकडा वर जात होता तो त्यामुळे. सूनबाई, मी ह्यांच्या गोळ्या उचलत होते, आणि हे स्वतःला वेड लागलं समजून एकटेच भीत होते. एका घरात, एका ताटलीतला पाव मोडून खात.

मला रडू आवरेना. "रडू नकोस, परत धाप लागेल," म्हणाले. माझा हात हातात घेतला, नर्स आली तरी सोडला नाही. "मागितल्या असत्यास तर सगळ्या दिल्या असत्या. पण बरोबर डॉक्टरकडेही नेलं असतं."

डॉक्टरीणबाईंनी नंतर आम्हा दोघांना समोर बसवून शाळेतल्या पोरांसारखं झापलं. दुसऱ्याची गोळी घेणं जितकं वाईट, तितकंच आपली गोळी मनाने सोडणं, विशेषतः ह्यांची ती नाडीची. मला आता दम्याला चालेल असं वेगळं औषध दिलंय. ते जन्माचं आहे म्हणे. ऐकून रागच आला, मग वाटलं, जन्म आहे तोवर ना, चालेल. दाब हळूहळू उतरतोय. एकदम उतरत नाही म्हणून मी कुरकुर केली, तर बाई म्हणाल्या की चढायला वर्षं लागली ती विसरलात वाटतं.

दुपारचा माल निघाला की आम्ही कालव्याच्या कडेने चालायला जातो. लग्न झाल्यापासून हे माझ्या पुढे चालत आलेत. मी ह्यांची पाठ बघतच बाजार केले. आता ह्यांना भरभर चालता येत नाही आणि मलाही येत नाही, तेव्हा शेजारी चालतो. बोलतो थोडं. परवा मी ह्यांना आईबद्दल सांगितलं. हे मला एवढंच म्हणाले की तुला भरवायची वेळ आली तर मी सूप खारट करीन.

तुझ्या नवऱ्याला हा वारसा दोन्हीकडून मिळालाय. त्याचा दाब तपासून घे. पण आधी स्वतःचा दंड पुढे कर, मग त्याचा. तुझ्या घरातही सगळ्यांचं बघून झाल्यावर उरलेलं तू घेत असशील, मी ओळखते.

आणखी एक लिहायचं होतं, ते मघापासून पेन घेऊन टाळते आहे. त्या जिन्यात श्वास मिळेना तेव्हा मला ना देव आठवला, ना घर. मला फक्त वाटलं, एवढ्यात नको. मला अजून पुष्कळ जगायचंय गं. हे मी आजवर कुणापाशी बोलले नव्हते. आपल्या घरात बायकांनी असं मागायची पद्धत नाही, म्हणून तुझ्यापाशी मागून ठेवते.

जगण्याची हाव असलेली,
तुझी सासू