दर महिन्याची कारणं

नवीन पनवेल,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझी सुकट पोचली. तुझ्या शेजारच्या नीताने पिशवी दारात टेकवली आणि अर्ध्या तासात खालच्या मजल्यावरून वासाची तक्रार आली, म्हणजे माल अस्सल आहे. गुडघा कसा आहे? पट्टा बांधतेस, की घडी घालून ट्रंकेत ठेवून दिलास? माझं बरं चाललंय. हे खरं नाही, पण पत्राच्या सुरुवातीला असंच लिहायचं असतं.

भाऊबिजेला तू विचारलंस, "तू हापिसात करतेस तरी काय?" मी "लिहायचं काम" म्हणून उडवून लावलं. आज नीट सांगते. इंग्लंडात एक फंड आहे. हजारो लोकांनी, त्यातले बरेच म्हातारे, आपली शिल्लक एका साहेबाच्या हवाली केलीय. साहेब त्यातून तिकडच्या कंपन्यांचे शेअर घेतो, पुढे झपाट्याने वाढतील अशा कंपन्यांचे. म्हणून तो 'वाढीचा' फंड. गेल्या चौदा महिन्यांत अकरा वेळा घसरलाय. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. दर महिन्याला त्या लोकांना एक पान जातं, या महिन्यात फंडाचं काय झालं आणि का झालं. वर साहेबाचा हसरा फोटो, खाली साहेबाची सही. मधलं सगळं मी लिहिते, नवीन पनवेलात, फरसाणवाल्याच्या वर तिसऱ्या मजल्यावर. दुपारी चारला तिथे शेव तळल्याचा वास येतो.

काम सोपं आहे. महिना संपला की आकडे येतात. फंड वर गेला असेल तर लिहायचं, 'आमची निवड योग्य ठरली.' खाली गेला तर, 'बाजाराची मनःस्थिती प्रतिकूल होती.' चढला तर साहेब, पडला तर बाजार. बियरचे गुत्ते चालवणारी एक कंपनी आपटली तेव्हा मी पावसाला जबाबदार धरलं. पुढच्या महिन्यात लख्ख ऊन पडलं आणि ती आणखी आपटली, तेव्हा उन्हाला धरलं. एकाही माणसाने विचारलं नाही, बाई, नक्की काय हवं होतं तुम्हाला? ऑक्टोबरात तर सगळा बाजार वर आणि आमचाच फंड दोन टक्के खाली. मी लिहिलं, संयमाची कसोटी पाहणारा महिना. संयम कुणाचा, तर ज्यांचे पैसे गेले त्यांचा. नाचता येईना अंगण वाकडं, हे तू एका दमात म्हणशील. मला त्याचं पानभर इंग्रजी करायचा पगार मिळतो.

मागच्या आठवड्यात साहेबाने आठ वर्षांत पहिल्यांदा कौतुक केलं. लिहिलंय, 'माझा आवाज तुला अचूक सापडलाय. वाचताना वाटलं, मीच बोलतोय.' बाकीच्यांनी पेढे मागितले. मी संडासात जाऊन तोंडावर पाणी मारून आले. ते का, ते सांगायलाच हे पत्र आहे, पण आधी भाऊबिजेचं बोलते.

हरेशची ओवाळणी पाहिलीस ना? पैठणी, आणि पैठणीच्या घडीखाली हक्कसोडीचे कागद. माझा सख्खा भाऊ, दारावर सिमेंटचे दोन सिंह बसवलेला, कोन गावातल्या बापाच्या जमिनीतला बहिणीचा हिस्सा निरांजनाच्या उजेडात मागतो. म्हणे, "ताई, फक्त सही. शुक्रवारी एकवीसला रजिस्ट्रार हापिसात. सोसायटीचं हप्तं, पोरांच्या शाळा, तुला ठाव हाय सगलं." मी मनात म्हटलं, चला, याचीही मनःस्थिती प्रतिकूल आहे. त्याच्या दाराशी दोन गाड्या उभ्या होत्या.

आणि मग तू उठलीस. साक्षीदार म्हणून तुझं नाव त्याने आधीच टाइप करून आणलं होतं. पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढलास, त्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं ते पत्र. बावीस वर्षांपूर्वी आजोबांच्या मागे तू याच जमिनीतला तुझा हिस्सा बाबांना सोडून दिलास, त्याच्या आधी बाबांनी तुला पाठवलेलं. तू सगळ्यांसमोर वाचलंस. वाचत कसली होतीस, पाठच आहे तुला. "अक्षर प्राचीचं हाय," तू म्हणालीस, "पन बोल माझ्या दादाचं. जल्मात येकच पत्र लिवलं त्यानं मला. जमीन काय, आज हाय उद्या नाय. भाऊ तुटला की मायेर तुटलं, पोरी. कर सही."

मी पैठणीची घडी नीट करत बसले. तुला वाटलं, मी विरघळले.

आत्या, बोल दादाचे नव्हते.

मी चौदा वर्षांची होते. बाबांनी मला ओटीवर बसवलं आणि म्हणाले, "चंद्रीला रडू आलं पायजे असं लिव. निबंधात पयली येतेस ना तू?" एवढंच त्यांचं सांगणं. 'चि. सौ. चंद्रावती हिस अनेक उत्तम आशीर्वाद' हे मी मराठीच्या पुस्तकातून उतरवलं. तुला कधी शंका आली नाही का गं? बाबा तुला आयुष्यभर 'ए चंद्रे' म्हणाले, ते कागदावर 'हिस' कसे झाले? 'घरावर संकटांचे ढग दाटले आहेत' हे निबंधातलं. संकट एकच होतं, बाबांना बुलेट घ्यायची होती. त्याच वर्षी तुमच्या घरची, काकांची होडी फुटली होती आणि तू दुसऱ्याच्या ओट्यावर बोंबील वाळत घालत होतीस, हे मला माहीत होतं. तरी लिहिलं.

आणि ती मिठागराची गोष्ट. वाचताना जिथे तुझा आवाज दरवेळी फाटतो, ती जागा. बांधावरून पाय घसरून दादा कमरेपर्यंत चिखलात रुतला, भरती चढत होती, आणि सात वर्षांची तू पालथी पडून त्याला हात दिलास. 'तो हात मी अजून विसरलो नाही, चंद्रा.' हे बाबांनी सांगितलेलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत जवळा निवडताना तूच मला ती गोष्ट सांगितली होतीस. मी बाबांना विचारलं, "हे खरं आहे ना?" त्यांनी तोंडातला तंबाखू थुंकला आणि म्हणाले, "असल काय तरी. लिव."

तुझीच गोष्ट मी तुला परत पाठवली आणि तिच्या बदल्यात तुझी जमीन घेतली. पुरं झाल्यावर वाचून दाखवलं तेव्हा बाबा खूश झाले. म्हणाले, "आगदी मीच बोलल्यागत वाटतंय." मला शेवबुंदीचा पुडा मिळाला. तो मी एकटीने खाल्ला, हरेशला दिला नाही, आणि फार अभिमानाने खाल्ला.

तेव्हा मी साहेबाला हसते, हरेशवर थुंकते, मेलेल्या बापाला नावं ठेवते, ते ठेव बाजूला. ते तिघं निदान स्वतःसाठी खोटं बोलले. मी दुसऱ्याच्या खोट्याला इस्त्री करून दिली, तेव्हा शेवबुंदीवर आणि आता पगारावर.

हे तुला न सांगताही चाललं असतं. बाबा गेले, त्यांची म्हणून तुझ्याकडे एवढी एकच वस्तू होती, आणि तीही मी आज काढून घेतेय. भाऊबिजेपासून एकवीस दिवस मी हे पत्र रोज लिहिलं आणि रोज फाडलं, त्याला कारण हेच. पण त्या पत्राने तू माझ्याकडून सही करून घ्यायला निघालीस, तेव्हा गप्प बसणं म्हणजे तेच पत्र दुसऱ्यांदा लिहिणं झालं असतं.

मी एकवीसच्या शुक्रवारी सही करणार नाही. हरेशला आज संध्याकाळी कोनला जाऊन तोंडावर सांगणार आहे, कारण न देता. तुझ्या हिश्शाचं आता काही होऊ शकतं का, ते वकिलाला विचारते. बहुधा नाही म्हणेल. तू शुक्रवारी येऊ नकोस, गुडघ्याला त्रास नको. आलीस तर माझ्या बाजूने उभी राहा असंही म्हणत नाही. तो हक्क मी चौदाव्या वर्षीच सोडलाय.

ते पत्र जाळू नकोस. चिखलातला हात खरा आहे, तो तुझा होता.

राग आला असेल तर लिही. शेजारच्या कुणाकडून लिहून घेऊ नकोस. चार ओळी असू देत, वेड्यावाकड्या असू देत, शिव्या असू देत. तूच लिही.

त्या पत्राच्या खाली मी 'तुझा दादा' असं लिहिलं होतं. या पत्राचे शब्दही माझे आणि नावही माझंच.

प्राची