हातापायांची आग

४ नोव्हें. ९६, जैनथ
काल नागपूरहून आलो. कॅन्सरची गाठ काढली तरी सलाईनमधून औषध सुरूच. यावेळी तळहात-तळपाय लाल. नर्सबाईनं बजावलं: गरम पाणी नको, अनवाणी नको, खोबरेल नुसतं टिपायचं, चोळायचं तर बिलकुल नाही. कातडी फुटली त पुढचा डोस थांबते. म्हनलं, बाई, मी भाजीवाल्याची बायको, मेथीच्या जुड्या कोन बांधन? हसली नाही ती.

७ नोव्हें.
भाकर थापाले बसली अन् अर्ध्यातून उठली. तळहाताले तिखट चोळल्यावानी आग. ह्यांनी भात टाकला. गचका झाला, पार लगदा. तसाच खाल्ला.

९ नोव्हें.
पाय पेटून राह्यले. गार भिंतीले लावून बसली. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, दारातून पाहून गेल्या. माह्या सैपाकाले नावं ठेवण्यापलीकडं त्या कधी बोलल्या माह्याशी?

१० नोव्हें.
हे बाजारात. आत्याबाई काशाची वाटी अन् तूप घेऊन आल्या. खाली बसल्या अन् माह्या पाय मांडीवर घेतला. सुनेचा पाय! अगं माय! मी ओढू लागली.
"गप राय. उष्णता हाय, घासली का उतरन."
नर्सबाईचं बोलणं ओठापर्यंत आलं. पण लग्नापासून पयल्यांदा त्यायनं मायेनं हात लावला, कसं म्हनू नको? तूप काळं पडलं. "पाह्य, केवढी उष्णता निंगाली!" खुश झाल्या. मले रडू आलं. बरं वाटलं, लय बरं.

१३ नोव्हें.
रोज दुपारी वाटी. रोज मी गप्प. टाच सोलून राह्यली.

१५ नोव्हें.
टाचेचं कातडं निंगालं. खाली लाल मास. पाय टेकवत नाही. ह्यांनी एसटीडी बूथवरून नर्सबाईले फोन लावला. घरी येऊन विचारलं, "चोळलं होतं काय, विचारून राह्यली ते. जखम असन त डोस पुढं ढकलतीन म्हणे."
किती पुढं? तेवढ्यात आत पुन्हा गाठ धरली त?
आत्याबाई चुलीपाशी. सारं ऐकलं त्यायनं.

१७ नोव्हें.
आत्याबाई कालपासून जेवल्या नाहीत. संध्याकाळी ह्यांच्यासमोरच आल्या.
"सुमन, माह्याच हातानं झालं का वं?"
"नाही आत्याबाई. औषधानंच झालं."
पटकन निंगालं तोंडातून. त्यायचा जीव भांड्यात पडला. अन् दुसऱ्याच घडीले म्हणे, "मंग काऊन नेतं रे तिले? माणूस सोलून काढते असलं औषध. नको नेऊ."
ह्यांनी टाचेकडं पाह्यलं. मंग म्हणाले, "मायचं खरं हाय. बंदच करू."
आत्याबाईनं माह्या डोक्यावरून हात फिरवला.
मले जगायचं हाय. सकाळी नागपूरची बस हाय. वाटीचं खरं अजून मी सांगतलं नाही.