घेतली म्हणजे गिळली नव्हे

प्रिय चिमणे,

लग्नाआधीच्या मैत्रिणीला गळामिठी आणि लग्नानंतरच्या वन्संना नमस्कार. (दोघी तूच असल्यामुळे वाटणी तूच कर.) गुडघा आता जिना चढू देतो का?

आठवतं, शाळेत शनिवारी प्रार्थनेनंतर सिस्टर माशाच्या तेलाचा चमचा घेऊन रांगेतून फिरायच्या? तू ते गालात धरायचीस आणि "घेतलं?" विचारलं की तोंड न उघडता मान हलवायचीस. मग नळापाशी जाऊन निळ्या रुमालात सगळं सोडायचीस. तेवढ्यावरून मला तुमच्या घराण्याची कल्पना यायला हवी होती. मी मात्र तुझ्याच भावाशी लग्न केलं.

आज हे आठवायचं कारण तुझ्या दादाचं ब्लडप्रेशर. पावलं सुजतात म्हणून डॉक्टरांनी अंगातलं पाणी उतरवणारी गोळी दिली, आणि ती अशा बाटलीत, जिच्या झाकणात यंत्र आहे. झाकण उघडलं की दवाखान्यात नोंद होते, म्हणजे पेशंट औषध नेमाने घेतो की नाही ते त्यांना बसल्या जागी कळतं. (सिस्टरना असलं काही मिळालं असतं तर!) हे रोज चहा झाला की झाकण उघडणार, गोळी काढणार, झाकण लावणार. नर्स तर यांच्यावर फिदा. "आजोबा, शंभर टक्के!" म्हणाली की यांचा चेहरा बक्षीस समारंभातल्या मुलासारखा. प्रेशर मात्र जागचं हलेना आणि पावलं पावासारखी फुगलेली. शेवटी डॉक्टर म्हणाले, एवढं नियमित घेऊनही उतार नाही, तर पुढच्या खेपेला गोळी दुप्पट करू.

इकडे मी धुणं धुताना यांच्या शर्टाच्या खिशातला पांढरा लगदा खरवडत होते. जन्मभर चित्रकला शिकवलेल्या माणसाच्या खिशात खडू निघायचाच, म्हणून नेहमीसारखी पुटपुटत ब्रश मारत राहिले. परवा एकदम हात थांबला. अगं, रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, आता खडू कुठला?

"गोळी घेतली?" मी विचारलं.

"घेतली."

तुझा दादा खोटं बोलत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून मी क्रियापद बदललं. "गिळली?"

हे चष्मा पुसायला लागले.

मग सगळं बाहेर आलं. गोळी पोटात गेली की यांना सारखं उठावं लागतं. सकाळी बागेत बुद्धिबळाचा डाव असतो, आणि हे उठले की समोरचे रिटायर्ड जज्ज आपला घोडा सरकवतात. "जन्मभर न्याय केला, थकले असतील बिचारे," हे म्हणतात. "पण मी का उठतो ते चारचौघांत सांगायचं कसं?" मला आधी हसू आलं आणि मग भरून आलं. एका लाकडी घोड्यापायी माणूस जिवावर उदार झालाय!

डॉक्टरांना सांगू या म्हटलं, तर नको म्हणतात. नर्सचं मन मोडेल म्हणे! पण दुप्पट गोळी हातात आली आणि एखाद्या सकाळी शहाणपण सुचून यांनी ती खरंच गिळली तर? त्या विचाराने मला घास उतरत नाही. डॉक्टर कदाचित नुसती वेळ बदलून देतील, डाव संपल्यानंतरची. पण खरं यांच्याच तोंडून निघायला हवं. मी सांगितलं तर ती चहाडी.

तुझीच,
वहिनी (आणि बाकावरची शेजारीण)

ता. क. खरं काम हे, की गुरुवारी दवाखाना आहे. त्याआधी दादाला फोन कर. तू धाकटी असलीस तरी त्यांना धाक तुझाच.

दुसरा ता. क. तसलंच झाकण डॉक्टरांनी माझ्या कोलेस्टेरॉलच्या बाटलीलाही बसवलंय. नर्स मलाही शंभर टक्के म्हणते. असो. सोबतच्या पार्सलमधली गुडघ्याची लोकरी पट्टी तुला, निळा रुमाल नातीला (कशाच्या आठवणीचा ते सांगू नकोस), आणि ओरडा सगळाच्या सगळा दादाला दे. मी फोनवर आले तर मला फक्त "घेतली का?" एवढंच विचार.