दुसऱ्या बर्फाचा जादा आकडा

७ मे ६६, कापडे
मी शिकवते त्या महाडच्या शाळेला सुट्टी लागली, काल सासरी आले. हे मुंबईत, गिरणीत. घरी सासूबाई आणि मी. मुंबईहून मार्गदर्शक सरांचं पत्र आलंय: प्रबंध जूनच्या आत टाइप व्हायला हवा, बर्फ-२ जुळत नसेल तर गाळा. गाळा म्हणे! बर्फाच्या सगळ्या रूपांची एंट्रॉपी, म्हणजे रेणूंच्या विस्कळीतपणाचं माप, एकाच रीतीनं काढायची, हाच तर विषय. कडक थंडीत दाब वाढवला की नेहमीच्या बर्फाचा होतो तो २. तोच गाळला तर दोन वर्षांचे रविवार कशात गेले?

९ मे
लॉगची कोष्टकं घेऊन सगळी बेरीज पुन्हा. चूक नाही. चूक सापडली असती तर बरं झालं असतं.
सा.बाईंनी बर्फ पाहिलाय तो महाडच्या सरबतवाल्याकडे, भुशातला. म्हणाल्या, "त्याचं कसलं गो गणित? निम्म्यावर इरघळला तर?" हसू आलं. चार दिवसांत पहिलंच.

१२ मे
यांचं पत्र. पुढच्या वर्षी मुंबईत खोली मिळेल, तेव्हा प्रबंधाचं काय ते यंदाच आटप. रागावून नाही लिहिलेलं. म्हणूनच जास्त लागलं.
दुपारी वह्या ट्रंकेत टाकल्या. संध्याकाळी काढल्या.

१५ मे
सापडलं!! तांदूळ निवडता निवडता उठले. माझी एंट्रॉपी मोजमापापेक्षा जास्त येते, पण कुठल्याही तापमानाला जवळजवळ सारखीच जास्त. ०.८ च्या आसपास. आणि ०.८१ मीच घातलेत, सरसकट सगळ्या रूपांना! रेणूतल्या हायड्रोजननी कुठल्या बाजूला बसावं याची जी मोकळीक, तिचे. २ ला ती मोकळीक नसेलच तर? खोडले. आलेखाची रेघ मोजमापावर बसली.
आनंदानं ओरडलेच. सा.बाई, "काय झाला? विंचू चावला काय?"

१६ मे
पण उत्तर माहीत होतं म्हणून आकडा खोडला. ही लबाडी नव्हे का? सरांना तसंच लिहिलं, काही न लपवता. पोलादपूरला जाऊन स्वतः टाकलं.

२४ मे
सरांचं उत्तर. अंगणातच फोडलं. परदेशात क्ष-किरणांनी २ ची रचना तपासलीय, त्यात हायड्रोजन ठरल्या जागीच बसलेत. त्या नियतकालिकाचा अंक त्यांच्याकडे नुकताच आलाय. "खोडलंत ते बरोबर. आता कारण लिहा. आणि शंका कळवलीत, बरं केलंत."
पायरीवर बसून पुन्हा वाचलं. रडले की काय कोण जाणे. सा.बाई धावत आल्या. "नापास नाय ना झालीस?"
"नाही हो. पास."
"मंग रडतेस कित्या? ऊठ, जेव आधी."
दोनदा भात घेतला. दुपारी गाढ झोप, किती दिवसांनी.

२७ मे
प्रकरण पूर्ण. यांनाही कळवलं. सरांच्या पत्राच्या पाठीवर एक ओळ होती, ती आज दिसली: "बर्फ-३ ला ०.८१ पूर्ण ठेवलेत. तिथं मोकळीक पुरती आहे, की अर्धवट? खात्री?"
नाही खात्री. पंधरा दिवसांपूर्वी या ओळीनं वह्या ट्रंकेत गेल्या असत्या. आज सरळ लिहिलं: तिसऱ्याबद्दल अजून सांगता येत नाही, पण मला शोधायचंय. मुंबईला आल्यावर भेटेन.
सा.बाईंकडून खळ घेऊन पाकीट चिकटवलं.