डब्यातली खरखर

३ एप्रिल

आलो एकदाचे भोपाळला. नाशिकहून ट्रक निघाला तेव्हा मंजूषाने भाकीत केलं होतं की निम्मी भांडी फुटणार. फुटला तो फक्त माझा आवडता कप, आणि तोही सामान लावताना तिच्याच हातून. संसारात राहायचं तर काही गोष्टी पोटात घालाव्या लागतात.

पिपलानीतलं हे क्वार्टर जुनं आहे, पण ऐसपैस. पुढे व्हरांडा, मागे अंगण, दारात कडुनिंब. खिडकीत एक दांडगा कूलर आहे. तो लावला की मागच्या गल्लीलाही कळतं. कारखान्यात मला चाचणी विभाग मिळाला. मोटार चालवायची, तिच्यात नको तो आवाज कुठून येतोय ते हुडकायचं आणि बंद करायचा. माझी उमेदीची सगळी वर्षं यातच गेली. लोक गाणं ऐकून खूष होतात, मी गप्प मोटार बघून.

शेजारच्या उषाकाकू मूळच्या इंदूरच्या. संध्याकाळी पोहे घेऊन आल्या, वर भरभरून शेव. मंजूषाला म्हणाल्या की टेन्शन नको घेऊस, इथे सगळं सेट होऊन जातं. मंजूषाचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा सैल झाला.

जुई मात्र फुरंगटली आहे. आठ वर्षांची पोर, शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या. तरी तिची गुणगुण चालूच असते. रांगायला लागली तेव्हापासून ही मुलगी दिवसभर स्वतःशी काहीतरी पुटपुटते, अर्धं गाणं, अर्धी गोष्ट. तो आवाज घरात असला की मला बरं वाटतं. तिला मी कबूल केलंय की टीव्हीला जोडून खेळायचे ते जुने व्हिडिओ गेम हातात धरून खेळता येतील असा गेम मी स्वतः बनवून देणार. दुकानात मिळतो तसला नाही, बाबाने केलेला.

८ एप्रिल

गेम तयार! जेवणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात पत्त्याएवढा कंप्यूटर-बोर्ड, झाकणात छोटा स्क्रीन, दोन बाजूंना बटणं, खाली स्पीकर. जुईने वर फुलपाखराचं स्टिकर चिकटवलं. चित्र झकास येतं. आवाजाची मात्र बोंब. खेळाच्या संगीतामागे सतत घूंऽ, आणि त्याच्या अंगावर खरखर. जुईने कान लावून ऐकलं आणि निदान केलं की बाबा, याच्या पोटात दुखतंय.

तारा आखूड केल्या, पीळ दिला, बॅटरी बदलून पाहिली. फरक नाही. एक बरी कॉइल हवी होती, म्हणजे आवाजाच्या वाटेवर बसवायचं तारेचं वेटोळं, गाळणीसारखं काम करणारं. बाजारात जायच्या आधी माळा धुंडाळला. आमच्या खात्यात ही रीतच आहे, जुनं मिळत असताना नवा भाग आणणाऱ्याला लोक हसतात. माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात हाताने गुंडाळलेली एक कॉइल सापडली. काय सुबक काम! आधी इथे राहणारे यशवंतराव फोरमन होते म्हणे, त्यांचीच असणार.

जोडली, आणि घूंऽ एकदम गेलं. मी तर जुईला उचलून नाचलोच.

१० एप्रिल

जेवताना मंजूषाला विचारलं की टीव्ही इतका मोठा का लावलाय. ती म्हणाली, कूलरपुढे काही ऐकू येतं का! मी कूलरकडे पाहिलं. पडदा उडत होता, गार वारा येत होता. आवाज नव्हता. मला वाटलं ती चेष्टा करतेय.

छान शांत वाटतं घरात. झोपही चांगली लागते.

१२ एप्रिल

डब्यातली खरखर अजून आहे. आज सुट्टी, म्हणून आमच्या पद्धतीने शोध घेतला. कानाला हेडफोन लावायचा आणि आसपासचं एकेक बंद करत जायचं. जे बंद केल्यावर आवाज जातो, ते चोर. फ्रिज, पंखे, ट्यूब, शेवटी मेन स्विच. उकाड्याने मंजूषाने कपाळाला हात लावला. खरखर जशीच्या तशी.

मग ती भाजी आणायला अयोध्या नगरला गेली आणि खरखर निम्मी झाली. मला वाटलं तिच्या मोबाइलची असणार. ती आल्यावर मोबाइल घेऊन तिला अंगणात पाठवलं, फरक नाही. मोबाइल घरात ठेवून तिला उषाकाकूंकडे पाठवलं, खरखर निम्मी. माझं डोकं चालेना, पण हात चालत होते. तिच्या पाठोपाठ जुईलाही पाठवलं. हेडफोनमध्ये स्वच्छ शांतता.

दोघी परत आल्यावर मंजूषा म्हणाली की आम्ही काय पंखे आहोत का, चालू-बंद करायला? मी हसलो. खरं सांगायचं तर मला फार आनंद झाला होता. दोष सापडला की होतो तसा. कॉइलच्या जोडीला एक कपॅसिटर, म्हणजे गाळणी आणखी बारीक करणारा छोटा भाग, लावला, मग दुसऱ्या मापाचा, मग तिसऱ्या. तिसऱ्याने मोठी खरखर गेली. मागे एक बारीक आवाज राहिलाय, जुई बाहेर गेली की जाणारा. तो पुढच्या सुट्टीला.

१३ एप्रिल

सकाळी मंजूषा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ओठ हलवत होती. आधी मला गंमत वाटली. मग तिने हात झटकले, डोळ्यांत पाणी आलं. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. जुई म्हणाली, बाबा, आई केव्हाची विचारतेय की जेवणाचा डबा नेणार का. जुईचं मला नीट ऐकू आलं.

१५ एप्रिल

कानाच्या डॉक्टरांनी यंत्रावर तपासलं. कान उत्तम आहेत, तरुण मुलाचे असावेत तसे. म्हणाले की नवी जागा, ताण असेल. मंजूषा शेजारी बसून त्यांच्याशी बरंच बोलली. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो.

आता ती मला मोबाइलवर लिहून कळवते. दूध आण. गॅस बुक कर. आज दुपारी लिहिलं, तुला माझा राग आलाय का? नाही आलेला. रागच काय, काहीच आलेलं नाही. ती समोरून जाते तेव्हा खिडकीबाहेरून कुणी गेल्यासारखं वाटतं. ही गोष्ट भयंकर आहे हे मला समजतं. समजतं एवढंच.

१७ एप्रिल

जुईने शाळेतून आल्यावर डबा सुरू केला आणि लगेच फेकला. रडत सांगितलं की आत आई ओरडतेय. आणि कूलर. मी उचलून कानाला लावला. फक्त खेळाचं संगीत, स्वच्छ, एकही डाग नाही.

उषाकाकूंना यशवंतरावांबद्दल विचारलं. आधी टाळाटाळ केली, मग म्हणाल्या की आदमी एकदम शरीफ, पण शेवटी शेवटी बायकोने हाका मारल्या तरी मान वर करायचे नाहीत. मुलं आईला घेऊन गेली. ते एकटेच राहिले, व्हरांड्यात बसून असायचे. काकूंना सगळ्यात विचित्र वाटलं ते हे की ते दुःखी दिसायचे नाहीत.

१९ एप्रिल

आता मला सगळं उमगलं आहे, म्हणून स्पष्ट लिहून ठेवतो. ती कॉइल आवाज गाळत नाही, माणूस गाळते. डब्यातून जो आवाज मी काढला तो माझ्यातूनही गेला, आणि त्याच्याबरोबर त्या माणसाबद्दल जे काही वाटायचं तेही गेलं. मंजूषा गेली. जुई उरली आहे. तो बारीक आवाज म्हणजे ती.

त्याला हात लावायचा नाही. काही झालं तरी नाही. ती गुणगुणते तेव्हा मला अजून वाटतं, हातातलं काम टाकून ऐकत बसावं इतकं वाटतं. तेवढंच शिल्लक आहे.

कॉइल काढून टाकायला हवी. उद्या काढतो.

२१ एप्रिल

काढली नाही.

मंजूषाच्या वडिलांना हॉस्पिटलात ठेवलंय. ती सकाळी नाशिकला गेली. जुईच्या परीक्षेचे दोन पेपर आहेत म्हणून तिला इथे ठेवलं. निघताना मंजूषा माझे दोन्ही खांदे धरून काहीतरी सांगत होती, बराच वेळ. मग तिच्या लक्षात आलं आणि मोबाइलवर लिहिलं: जुईकडे लक्ष दे. तिचं तरी ऐकू येतं ना तुला?

मी हो म्हणालो.

२२ एप्रिल

आज कारखान्यातून आलो तो सरळ कात्री घेतली आणि कॉइल तोडली.

कूलरचा आवाज अंगावर आला. भांडी, स्कूटर, फळविक्या, कुत्री, सगळं एकदम. तेवढ्यात मंजूषाचा फोन. तिचा आवाज! अंबरीश, म्हणाली, आणि पुढे रडायलाच लागली. बाबांचं काही खरं नाही म्हणाली. मला एकटं वाटतंय, तुझ्याजवळ असून पण वाटत होतं म्हणाली. मी भिंतीला टेकून खाली बसलो. इतक्या दिवसांचं सगळं एका वेळी आत आलं. तिचे पाणावलेले डोळे, तो दवाखाना, ते कॅलेंडर. मला सहन होईना. छातीत खरंच दुखत होतं. मी फोन ठेवला.

कॉइल पुन्हा जोडली. फक्त आजच्यापुरती, श्वास घेता येईपर्यंत.

आता बरं आहे.

२४ एप्रिल

जुईला ताप. शाळेत ऊन लागलं असणार. आतल्या खोलीत झोपवलंय. डॉक्टर म्हणाले, पाणी सतत पाजा, ताप वाढला तर थांबू नका, लगेच घेऊन या. मी रजा टाकली. कपाळावर पट्ट्या ठेवल्या. ती तापातही गुणगुणत होती. मला गलबलून आलं. मी तिचा हात धरून रडलो, आणि रडू येतंय याचाच आनंद झाला.

मंजूषाला कळवलं. तिला उद्या सकाळची गाडी मिळाली आहे. संध्याकाळी पोचेल.

दुपारी डोळा लागेना म्हणून डबा हातात घेतला. फक्त धरायला.

२५ एप्रिल, सकाळ

ताप उतरत नाही. ती कण्हते. प्रत्येक कण्हण्यानं माझ्या पोटात सुरी फिरते. इतकं वाटणं — माणसांना हे रोज कसं झेपतं? मंजूषाला कसं झेपतं?

काकू लग्नाला करोंदला गेल्या आहेत. दाराला कुलूप.

पाणी पाजलं. ओकली.

डॉक्टरकडे न्यायला हवं. रिक्षा आणायची. चप्पल घातली आहे.

दुपार

चप्पल घालून बसलो आहे. डबा समोर. हेडफोन लावला, बघावं म्हणून — तो बारीक आवाज आता बारीक नाही. वाढतोय. तुटक, पुन्हा पुन्हा. मध्ये थांबतो, पुन्हा येतो.

हा आवाज काय आहे ते मला माहीत आहे. इथे लिहितो, म्हणजे विसरणार नाही — आत जुई आहे. ती पाणी मागते आहे. बाबा म्हणते आहे.

उठायचं आहे. पण पायांत — इतकं वाटतंय की उठता येत नाही. तिला असं बघवत नाही. जरा कमी झालं असतं तर नीट काम करता आलं असतं. डोकं शांत ठेवून रिक्षा, डॉक्टर, सगळं. मोटार बंद केल्याशिवाय तिला हात लावत नाही आपण —

तारा जोडायचं सोल्डरिंग आयर्न गरम आहे. मी केव्हा लावलं?

एक छोटा कपॅसिटर. संध्याकाळी मंजूषा येईपर्यंतच.

लावला. अर्धा गेला. छातीतलं दुखणं पण अर्धं. हात स्थिर झाले, बघ. हे बरोबर आहे. आता विचार करता येतोय.

अजून थोडी खरखर. दोन ठोक्यांची. बा — बा — मध्ये फार अंतर पडतंय.

एवढी एक गेली की डबा अगदी स्वच्छ होईल. मग उठतो आणि आत जाऊन त्या मुलीला