प्राणवायूच्या टाकीत

४ मार्च, सोमवार

पाय राहणार की जाणार, ते आता एका टाकीवर आहे!

सर्जन आडपडदा न ठेवता बोलला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढून चार महिने झाले, पण जखम भरायचं नाव घेत नाही. "अजून एक संधी देऊन बघू. नाहीच भरली, तर गुडघ्याखालून काढावा लागेल." एवढं बोलून त्याने पुढच्या पेशंटचे रिपोर्ट ओढले. मी तिथेच बसलेली. सूनबाईने दंडाला धरून उठवलं.

टाकी म्हणजे काय ते तिनेच गाडीत समजावलं. मोठी लोखंडी टाकी. आत खुर्च्या. दार घट्ट लावून हवेचा दाब वाढवतात आणि तोंडावर मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन देतात. दाबामुळे तो रक्तात जास्त मुरतो, आणि जिथे रक्त धड पोचत नाही तिथल्या जखमेलाही मिळतो. रोज जायचं, शनिवार-रविवार सोडून. दोन महिने तरी.

जन्मभर दुकानात लोकांच्या पायात बूट घालत आले. "चावला तर लगेच काढा हो" — हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. आणि चावला कुणाला? मलाच! साखरेने पाय बधिर झालेला, कळलंसुद्धा नाही. मोज्यावर रक्त दिसलं तेव्हा डोळे उघडले. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

पाय गेला तर दुकान गेलं. बसक्या स्टुलावर बसायचं, गिऱ्हाइकाचा पाय मांडीवर घ्यायचा, उठायचं, फळीवरून दुसरी जोडी काढायची. मला दुसरं काही येत नाही.

५ मार्च, मंगळवार

गेले बाई टाकीत!

आधी झडती. घड्याळ काढा, बांगडी काढा. अंगाला क्रीम नको, केसाला तेल नको, ओठाला व्हॅसलीनसुद्धा नको — आत ऑक्सिजन, ठिणगी पडायचं भय. अंगातले कपडे उतरवून त्यांचे सुती कपडे. साखर तपासली, कमी भरली म्हणून दोन बिस्किटं खायला लावली.

आत एक सिस्टर आमच्याबरोबर बसते. बाहेर काचेपलीकडे बटणांपाशी एक तरुण मुलगी, तिचा आवाज स्पीकरमधून येतो. मी तिला कंट्रोलवाली म्हणते. "खाली चाललोय" असं म्हणते ती. टाकी जागची हलत नाही, दाब वाढतो त्याला खाली जाणं म्हणतात. खाली जाताना उकडतं, वर येताना गारठा आणि धुकं!

आम्ही पेशंट तिघं. एक बेकरीवाला, माझ्यासारखाच साखरेचा पाय. बोलघेवडा, तोंडाला कुलूप नाही. दुसरे माझ्या अगदी समोर बसतात — उंच, वाळलेले, ताठ. लिफ्ट दुरुस्त करायचे म्हणे. जबड्याला रेडिएशन दिलेलं, तिथलं हाड आता बरं होत नाही. तोंड जेमतेम बोटभर उघडतं. काहीही विचारा, उत्तर एकच — "हूं." मी त्यांचं नाव हूंराव ठेवून टाकलं. (दाराबाहेर काढून ठेवलेले बूट मात्र चांगल्या चामड्याचे, पॉलिश केलेले. पायाची कदर आहे माणसाला.)

कानांचं सांगायचं राहिलं. दाब वाढला की कान गच्च होतात. आवंढा गिळायचा, नाक दाबून फुंकायचं, की टक्कन सुटतात. नाहीच सुटले तर हात वर करायचा. कंट्रोलवाली दाब थांबवते, जरा कमी करते, मग पुन्हा हळूहळू. टाकी सगळ्यांची एकच — एकाने हात वर केला की सगळे अडकले.

आज तीनदा हात वर केला. तिन्ही वेळा मीच.

८ मार्च, शुक्रवार

रोज तेच. मी हात वर करते, सगळे थांबतात. बेकरीवाला म्हणाला, ताई रोज उंबरठ्यातच अडतात, आत यायला मुहूर्त बघतात. हसायला म्हणूनच म्हणाला. सिस्टर हसली, मीही हसले. घरी येऊन मात्र मन खात राहिलं. त्याला बेकरीत परतायचं असतं, सिस्टरला पुढची पाळी असते. माझ्या दोन कानांपायी सगळ्यांचा खोळंबा!

१२ मार्च, मंगळवार

आज एकदाही हात वर केला नाही. दात आवळून बसले. कंट्रोलवालीने शाबासकी दिली!

१४ मार्च, गुरुवार

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

काल आणि आजही सोसलं. कानात सुई नव्हे, दाभण! तरी हात मांडीखाली दाबून ठेवला. वर आल्यावर सिस्टरने मास्क काढला आणि तिचा चेहराच उतरला. कानातून रक्त. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आत बघितलं — पडदा फाटला नाही हे नशीब, पण आत रक्त साकळलंय. कान बरा होईपर्यंत टाकी बंद.

कंट्रोलवाली रागावली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, "मावशी, दाब थांबवणं हे माझं कामच आहे. तुम्ही हात वर केला नाहीत तर मला कळणार कसं?"

हूंराव बूट चढवत होते. माझ्याकडे बघून "हूं" म्हणाले. मनात म्हटलं, घ्या, आता यांच्या नजरेतूनही उतरले.

२० मार्च, बुधवार

जखमेची कड काळवंडली.

सर्जनने खरवडून काढली. पाच-सहा दिवस टाकी बंद आहे ते ऐकून चिडला. म्हणाला, कान सांभाळायचा की पाय, हे काय मला विचारता? दोन्ही सांभाळा. रागावला, पण हात हलका आहे त्याचा. जाताना खांद्यावर थोपटून गेला.

सूनबाई संध्याकाळी ड्रेसिंग करायला बसली. तिचं डोकं खाली, माझा पाय तिच्या मांडीवर. एवढी घाण वास येणारी जखम, पण पोरीने एकदाही नाकाला पदर लावला नाही. मी म्हटलं, तुला काय गं माझ्यापायी हा त्रास. तर म्हणते, "आई, तुम्ही जगाचे पाय मांडीवर घेतलेत. एक मी घेतला तर कुठे बिघडलं?"

तिच्यासमोर रडले नाही. आता रडतेय.

२५ मार्च, सोमवार

पुन्हा टाकीत. कानाला थेंब दिलेत, आधी नाकात फवारा मारायचा. आणि शपथ घेऊन गेले — लाज गेली खड्ड्यात, दुखलं की हात वर.

गंमत म्हणजे वेळच आली नाही! जरासं गच्च होऊ लागलं तोच समोर हूंरावांचा हात वर. दाब थांबला. त्या थांब्यात माझेही कान सुटले. पुढे गेलो, पुन्हा त्यांचाच हात. असं चारदा.

इतके दिवस या माणसाच्या कानाची तक्रार नव्हती. आता यांचेही बिघडले वाटतं. कुणाचे कान बिघडले आणि कुणाची सोय झाली!

२८ मार्च, गुरुवार

माझे कान ठणठणीत. चार दिवसांत एकदाही हात वर केला नाही. डॉक्टरीणबाईंच्या थेंबांना सोन्याने मढवावं.

हूंरावांचं मात्र चालूच. जरा कुठे दाब वाढला की हात वर. पुरुषांना मेलं सोसतच नाही काही.

४ एप्रिल, गुरुवार

आज चष्मा न लावता पेपर वाचला! छोट्या जाहिराती, भाड्याच्या खोल्यासुद्धा. आरडाओरडा करून सगळं घर गोळा केलं. लेकाने डोळ्यांसमोर औषधाची बाटली धरली, त्यावरची बारीक अक्षरंही धडाधड वाचून दाखवली.

टाकीत सिस्टरला सांगितलं तर तिला नवल नाही. ऑक्सिजनमुळे काही जणांना असं होतं म्हणे, जवळचं दिसतं, लांबचं जरा धुरकट. टाकी संपली की डोळे पुन्हा मूळपदावर. म्हणून चष्मा टाकून द्यायचा नाही.

चार दिवसांची का होईना, तरुणपणाची नजर! बेकरीवाला म्हणाला, ताई, मग आता मी तुम्हाला कसा दिसतो? म्हटलं, जवळ आलात म्हणून फार बरे दिसता असं नाही. सिस्टर खो खो हसली. हूंरावांच्या मास्कमधूनसुद्धा फुस्स झालं. हसले असावेत. देव जाणे.

१० एप्रिल, बुधवार

आज तोंड आवरलं नाही.

सर्जनची वेळ ठरलेली, आणि टाकीत हूंरावांनी इतक्यांदा हात वर केला की खाली पोचायलाच अर्धी सकाळ गेली. बाहेर आल्यावर मी म्हणालेच, "अहो, एकदा कान दाखवून का घेत नाही? तुमच्या हातापायी सगळ्यांचा खोळंबा होतोय."

जो शब्द मला लागला होता, तोच मी दुसऱ्याच्या माथी मारला. कळतंय आता लिहिताना.

त्यांनी रागही धरला नाही. बुटाची लेस बांधली, "हूं" म्हणाले आणि निघाले. कंट्रोलवालीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या काचेवरच थुंकले.

आणि सर्जन? तो तासभर उशिरा आला! म्हणजे टाकीतल्या उशिराने माझं काहीच बिघडलं नव्हतं. नुसती जीभ विटाळली.

पण जखम बघून त्याने दिवा जवळ ओढला. तळाशी लालचुटूक दाणे धरलेत. "मांस भरतंय," म्हणाला. पहिल्यांदाच!

११ एप्रिल, गुरुवार

हूंरावांना म्हटलं, काल बोलले ते मनावर घेऊ नका. हूं. आणि टाकीत बसल्यावर पुन्हा हात वर.

१९ एप्रिल, शुक्रवार

जखम आता नखाएवढी. कडेने गुलाबी नवी कातडी सरकतेय. सूनबाई रोज फोटो काढते आणि लेकाला पाठवते. तो ऑफिसात जेवताना बघतो म्हणे. धन्य त्याची!

सर्जन पायाला हात लावून म्हणाला, "हा आता कापायचा नाही." मी त्याचा हातच धरला. त्याने सोडवून घेतला नाही.

२६ एप्रिल, शुक्रवार

मिटली. जखम मिटली!

अजून काही दिवस टाकीत बसायचं, कातडी पक्की व्हायला. मग महिनाभर खास बूट, मग दुकान. सर्जनने लेकालाही फोनवर तेच सांगितलं.

आज ज्यांचं ज्यांचं देणं लागते त्या सगळ्यांची नावं मनात घेतली. सर्जन — तोंडाने फटकळ, हाताने मऊ. डॉक्टरीणबाई आणि त्यांचे थेंब. सिस्टर. कंट्रोलवाली. बेकरीवाला, त्याच्या बडबडीत वेळ गेला. त्याचा पायही भरत आलाय, देव त्याचं भलं करो. लेक. आणि सूनबाई. तिला आज सांगितलं की तू नसतीस तर मी पायाच्या आधी हिंमत घालवून बसले असते. ती म्हणाली, पुरे हो आई, आणि आत निघून गेली. डोळे पुसत होती.

हूंरावांचा आज शेवटचा दिवस होता. त्यांचंही हाड भरलं म्हणे. बरं झालं बिचाऱ्यांचं. मी म्हटलं, सुटलात, आता कानांना आराम. ते हसल्यासारखे झाले. त्यांच्याविषयी मनात काही नाही, पण आभार कशाचे मानायचे? उलट त्यांच्यासाठी मीच थांबत होते रोज.

२९ एप्रिल, सोमवार

समोरची खुर्ची रिकामी. दाब वाढायला लागला आणि कोणीच थांबवेना. कानात पुन्हा तेच दाभण! कसाबसा मीच हात वर केला. पुन्हा केला. पाचदा केला.

बाहेर आल्यावर कंट्रोलवालीला म्हटलं, हूंरावांची खोड मला लागली की काय? थेंब तर चालूच आहेत.

ती म्हणाली, "त्यांच्या दोन्ही कानांच्या पडद्यांत बारीक नळ्या आहेत, मावशी. रेडिएशननंतर बसवलेल्या. दाब त्यांना जाणवतच नाही. तुमच्या भुवया आवळल्या की ते हात वर करायचे. सांगू नकोस म्हणाले होते."

पत्ता घेतलाय. उद्या टाकी झाली की जाते.